ग्राफवर नोंदी कशा टाकायच्या: ऑन-कॉलला नव्यानं लागलेल्यांसाठी

१० जुलै २०१९. मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड सेमीफायनल, आदल्या दिवशी पावसामुळे अर्धी राहिलेली, हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख लोक बघत होते आणि धोनी रनआऊट झाला. बघणाऱ्यांचा आकडा धाडकन खाली आला, पण लोकांनी अ‍ॅप बंद नाही केलं, बॅक दाबून सगळे होम पेजवर आले, म्हणजे व्हिडिओचा ग्राफ कोसळतोय आणि त्याच वेळी होम पेजच्या सर्व्हिसेसवरचा लोड वर चाललाय असं चित्र. हा ग्राफ मॅच न बघितलेल्या माणसाला सहा महिन्यांनी दाखवा, तो छातीठोकपणे सांगेल की व्हिडिओ सर्व्हर पडला होता. त्याच जागी एक उभी रेघ आणि 'धोनी आऊट' एवढे दोन शब्द असले की कालच जॉईन झालेलं पोरगंही तो बरोबर वाचतं.

ते दोन शब्द कुठे, कधी आणि कसे टाकायचे यावर हा लेख आहे. ज्यांना नुकतंच ऑन-कॉलला टाकलंय, म्हणजे सिस्टिम बिघडली की ज्यांचा फोन वाजतो, हातात ग्राफाना या ग्राफ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं लॉगिन आहे, समोर वीस-पंचवीस ग्राफ आहेत आणि कुठून सुरुवात करायची कळत नाहीये, त्यांच्यासाठी. मी ग्राफाना धरून लिहितोय कारण बहुतेक ठिकाणी तेच असतं, डेटाडॉग, न्यू रेलिक, क्लाउडवॉच यातही हीच सोय आहे, बटणं फक्त वेगळ्या जागी.

ही पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांनी काढलेली नाही हे आधी सांगतो. आमचे बाबा भोसरीला एका गिअरचे पार्ट करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होते, त्यांच्याकडे प्रत्येक मशीनशेजारी खिळ्याला एक प्लास्टिकची फोल्डर टांगलेली असायची, त्यात कंट्रोल चार्ट. दर दोन तासांनी पाच पीस मायक्रोमीटरनं मोजायचे, सरासरी काढायची, पेन्सिलीनं ठिपका द्यायचा. तो चार्ट उलटा केला की मागे तारीख-वेळ टाकून लिहिलेलं असायचं, '१०.४० इन्सर्ट बदलला', 'दुपारपासून नवीन बारची लॉट', '११.१५ ते ११.५० लाईट नव्हती'. ठिपका रेषेच्या बाहेर गेला की बाबा आधी चार्ट उलटा करायचे, मशीनकडे नंतर जायचे. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये पहिला कंट्रोल चार्ट काढला, त्याला शंभर वर्षं होऊन गेली, आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आजही माणूस, मशीन, मटेरियल, मेथड या चारपैकी काहीही बदललं की नोंद करायची शिस्त आहे. आपल्याकडे सर्व्हर आहेत आणि ठिपके दर पंधरा सेकंदांनी आपोआप पडतात एवढाच फरक. मागची बाजू मात्र आपोआप भरत नाही, ती आपल्याला भरायला लागते.

आधी ग्राफ निवडा

सगळ्या ग्राफवर नोंदी नकोत. एका सर्व्हिसचे चार ग्राफ पुरतात: किती रिक्वेस्ट येतायत, त्यातल्या किती टक्के फेल होतायत, उत्तर यायला किती वेळ लागतोय (लेटन्सी), आणि मशीन किती भरलंय. गूगलच्या लोकांनी २०१६ च्या त्यांच्या एसआरईच्या (सिस्टिम भरवशाची चालू ठेवण्याच्या कामाच्या) पुस्तकात हेच चार सिग्नल सांगितलेत आणि ते पक्के आहेत. यांच्याच बरोबर, तुमच्या टीमनं एसएलओ, म्हणजे सर्व्हिस किती टक्के वेळ नीट चालली पाहिजे याचं टार्गेट, ठरवलेला असेल तर एरर बजेटचा, म्हणजे बंद राहायला अजून किती वेळ शिल्लक आहे त्याचा, ग्राफ घ्या. समजा टार्गेट ९९.९ टक्के आहे, ३० दिवसांत ४३ मिनिटं १२ सेकंद एवढाच वेळ सर्व्हिस बंद राहायला परवानगी आहे. ९९.९९ टक्के असेल तर ४ मिनिटं १९ सेकंद. हा बजेटचा ग्राफ जिन्यासारखा उतरतो, आणि महिनाअखेरीला मॅनेजर विचारतो की ही मोठी पायरी १२ तारखेला कशामुळे उतरली, तेव्हा जर तिथं नोंद नसेल तर तुमचा अर्धा दिवस चॅट धुंडाळण्यात जातो. म्हणून मी नव्या माणसाला सांगतो की बाकी काही जमलं नाही तरी बजेटच्या ग्राफवर प्रत्येक पायरीला एक नोंद असलीच पाहिजे.

काय नोंदवायचं

आपण केलेले बदल पहिले. डिप्लॉय (नवीन व्हर्जन सोडणं), रोलबॅक (जुन्या व्हर्जनवर परत जाणं), कॉन्फिग म्हणजे सेटिंग बदलली, फीचर फ्लॅग (एखादी सोय चालू-बंद करायचा स्विच) चालू केला, डेटाबेसवर मायग्रेशन चालवलं म्हणजे त्याची रचना बदलली, मशीन वाढवली, सर्टिफिकेट बदललं, क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या जॉबची) वेळ हलवली. यात फीचर फ्लॅग आणि क्रॉन हे दोन नेहमी सुटतात, कारण लोकांना वाटतं कोड तर गेलाच नाही मग नोंद कशाला, आणि नेमकं त्यातलंच काहीतरी पुढे चावतं.

जे बदल शांतपणे गेले, काहीच झालं नाही, तेही नोंदवा. हे लोकांना पटत नाही म्हणून फास्टलीचं उदाहरण देतो, दुसऱ्यांच्या वेबसाईट्स जगभर पटकन पोचवणारी ही कंपनी. ८ जून २०२१ ला फास्टलीचं नेटवर्क बसलं आणि जगभरातल्या मोठमोठ्या बातम्यांच्या साईट्स एकदम बंद पडल्या. त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं की बग असलेलं सॉफ्टवेअर त्यांनी १२ मे पासूनच बाहेर सोडायला सुरुवात केली होती, जवळजवळ चार आठवडे कुणाला काही त्रास नाही, मग ८ जूनला एका ग्राहकानं पूर्णपणे वैध असा सेटिंगमधला बदल केला, त्यानं तो बग जागा झाला आणि ८५ टक्के नेटवर्क एरर द्यायला लागलं. आता विचार करा, ज्यानं फक्त त्या दिवशीचा ग्राफ उघडलाय आणि फक्त 'गडबड झालेले' बदल नोंदवलेत, त्याला १२ मे कसा दिसणार?

बाहेरच्या घटना दुसऱ्या. पेमेंट गेटवे डाऊन, क्लाउडवाल्यांचा प्रॉब्लेम, एसएमएस जात नाहीत, समुद्राखालची केबल तुटली. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्या रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सगळंच सहाएक तास गेलं होतं, त्या रात्री ज्यांच्या अ‍ॅपला फेसबुकवरून लॉगिनचं बटण होतं त्यांचा लॉगिनचा ग्राफ पडला, आणि त्यात त्यांच्या कोडचा काडीचा संबंध नव्हता. अशी नोंद टाकायला एक मिनिट लागतं.

तिसरं कॅलेंडर. रोज सकाळी १० ला एसी तत्काळ उघडतं आणि ११ ला नॉन-एसी, रेल्वे बुकिंगशी थोडाही संबंध असलेल्या सर्व्हिसवर या दोन वेळांना सुळके दिसतात, ते रोजचेच आहेत म्हणून त्यांना रोज नोंद नको, डॅशबोर्डच्या वर एकदाच लिहून ठेवा. नोंद टाका ती वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या दिवसांना: इन्कम टॅक्सची शेवटची तारीख, दहावी-बारावीचा निकाल, दिवाळीचा सेल, आयपीएलची फायनल. पुढच्या वर्षी कपॅसिटी ठरवायला बसाल तेव्हा मागच्या वर्षीच्या ग्राफवर निकालाची वेळ मिनिटासकट लिहिलेली असेल तर अंदाज बांधायला फार सोपं जातं.

वेळ, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मी आधी जिथे होतो तिथली गोष्ट. डिप्लॉयची नोंद आपोआप पडावी म्हणून एक स्क्रिप्ट लिहिलेली होती, ती वेळ घ्यायची भारताची आणि पुढे पाठवताना ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून पाठवायची. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे दुपारी २ वाजून १० मिनिटांनी केलेला डिप्लॉय ग्राफवर संध्याकाळी ७.४० ला दिसायचा. एके दिवशी २.१२ ला एरर सुरू झाल्या. ग्राफवर त्या वेळेला रेघच नाही, सगळे डेटाबेसच्या मागे लागले, कनेक्शन पूल वाढवला, रिस्टार्ट केला, काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये स्क्रीनवर ग्राफ लावला तर एरर दुपारच्या आणि डिप्लॉय संध्याकाळचा, त्यामुळे सगळ्यांचं एकमत की डिप्लॉयचा संबंध नाही. मग टेस्टिंगमधली एक मुलगी हळूच म्हणाली, 'सर, पण मी तर काल दुपारच्या चहाच्या आधीच नवीन व्हर्जन चेक केलं होतं.' तिथून उलगडा झाला. पंधरा-सोळा तास गेले होते. चुकीच्या वेळेची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट, कारण ती खऱ्या कारणाला निर्दोष ठरवते.

म्हणून पायऱ्या अशा. एक, डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये टाइमझोन बघा, तिथे ब्राउझरची वेळ किंवा यूटीसी किंवा ठराविक झोन ठेवता येतो, टीम सगळी भारतात असेल तर सरळ भारतीय वेळ ठेवा, बाहेरचे लोकही असतील तर यूटीसी ठेवा, पण एकच ठेवा. दोन, नोंदीच्या मजकुरात वेळ लिहायची असेल तर पुढे 'आयएसटी' किंवा 'यूटीसी' लिहाच. तीन, या जोड्या पाठ करा: यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, आणि आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीचे संध्याकाळचे साडेसहा. रोज पहाटे साडेपाचला ग्राफमध्ये टेंगूळ येत असेल तर दहातल्या नऊ वेळा कुणीतरी यूटीसी मध्यरात्रीचा जॉब लावलेला असतो. चार, नवीन स्क्रिप्ट लावली की एक चाचणी नोंद टाका आणि हातातल्या घड्याळाशी ताडून बघा, आमच्या वेळी एवढं कुणी केलं असतं तर तो सगळा वेळ वाचला असता.

हातानं नोंद टाकणं

ग्राफानात डॅशबोर्ड एडिट करायची परवानगी लागते, ती आधी मागून घ्या. मग ग्राफवर ज्या क्षणाला नोंद हवी तिथे कंट्रोल दाबून क्लिक करा, मॅकवर कमांड. छोटी खिडकी येते, त्यात मजकूर आणि टॅग टाकायचे, सेव्ह. एका क्षणाऐवजी कालावधी दाखवायचा असेल, समजा दहा ते साडेदहा मेंटेनन्स, तर कंट्रोल दाबून ठेवून माऊस ओढा, तेवढा पट्टा रंगून निघतो. क्लिक करण्याआधी ग्राफ झूम करून अर्ध्या-एक तासावर आणा, कारण सात दिवसांच्या ग्राफवर माऊस एक मिलिमीटर सरकला तरी वेळ बरीच मिनिटं चुकते.

अशी टाकलेली नोंद त्याच डॅशबोर्डपुरती राहते. पेमेंटची नोंद ऑर्डरच्या डॅशबोर्डवरही दिसायला हवी असेल तर त्या दुसऱ्या डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये अ‍ॅनोटेशन्समध्ये (ग्राफानात नोंदींना हेच नाव आहे) जा, नवीन क्वेरी घ्या, सोर्स म्हणून ग्राफाना स्वतः, फिल्टर टॅगवर, आणि टॅगचं नाव द्या. एकापेक्षा जास्त टॅग दिले तर तो सगळे टॅग असलेल्याच नोंदी दाखवतो, कुठलाही एक चालणार असेल तर 'मॅच एनी' चालू करावं लागतं. नव्या माणसाला नोंदी दिसत नाहीत ही तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा हेच बटण असतं.

मजकूर कसा लिहायचा

हे शिकवून येतं, मी दहा-बारा जणांना शिकवलंय. 'इश्यू फिक्स केला' अशी नोंद मी कितीतरी वेळा बघितली आहे आणि ती वाचून काहीही कळत नाही, कुठला इश्यू, काय करून, कुणाला विचारायचं. त्याऐवजी हे बघा: 'पेमेंट सर्व्हिस ४.१७ सोडली, गेटवेचा टाइमआऊट ३० सेकंदांवरून ८ केला, तिकीट ११८२, पेमेंट टीम'. काय बदललं, किती बदललं, कुठे सविस्तर मिळेल, कुणाला विचारायचं. 'कितीवरून किती' हे विसरू नका, कारण सहा महिन्यांनी नेमका तोच आकडा हवा असतो.

घटना आणि अंदाज वेगळे ठेवा. रात्री २ वाजता तुम्हाला वाटतंय की डेटाबेस स्लो आहे, तर 'डेटाबेस स्लो झाला' असं लिहू नका, 'लेटन्सी २०० वरून ९०० मिलिसेकंद, अंदाज: डेटाबेस, तपासतोय' असं लिहा. 'अंदाज' हा शब्द तिथे असला की सकाळी येणारा माणूस तो तपासून बघतो, नसला की तो खरं धरून पुढे जातो आणि तेच वाक्य रिपोर्टमध्ये जाऊन बसतं.

माणसाचं नाव घालू नका. 'अमुकनं चुकीची कॉन्फिग टाकली' असं एकदा जरी ग्राफवर लटकलं ना, तर पुढच्या वेळी तो आणि त्याला बघणारे चारही जण आपल्या बदलाची नोंद करणार नाहीत. मी हे होताना बघितलंय, फार चांगला मुलगा होता, त्यानंतर तो दर बदल करताना घाबरायचा आणि सांगायचा उशिरा. टीमचं नाव आणि तिकीट नंबर पुरे, ज्याला माणूस हवा तो तिकिटावरून पोचतो.

मराठीत लिहू का इंग्रजीत? टीममध्ये सगळ्यांना वाचता येईल त्या भाषेत. नावं मात्र सिस्टिममध्ये आहेत तशीच, नाहीतर शोधताना सापडत नाही.

टॅग

थोडे ठेवा. आमच्याकडे सहाच आहेत: डिप्लॉय, कॉन्फिग, इन्सिडेंट, मेंटेनन्स, बाहेरचं, कॅलेंडर. त्याशिवाय सर्व्हिसच्या नावाचा एक आणि प्रॉडक्शन (लोक वापरतात ती सिस्टिम) की स्टेजिंग (चाचणीची) याचा एक. ही यादी डॅशबोर्डवर एका टेक्स्टच्या चौकटीत लिहून ठेवा, कारण एकानं 'डिप्लॉय', दुसऱ्यानं 'डिप्लॉयमेंट', तिसऱ्यानं 'रिलीज' लिहिलं की फिल्टर लावल्यावर दोघांच्या नोंदी गायब.

आपोआप नोंद

हातानं डिप्लॉय नोंदवायला सांगाल तर पहिले दोन आठवडे होईल, नंतर कुणीच करणार नाही, म्हणून डिप्लॉयची नोंद पाइपलाइनमधूनच, म्हणजे डिप्लॉय आपोआप करणाऱ्या स्क्रिप्टमधूनच, पडली पाहिजे. एट्सी या ऑनलाईन विक्रीच्या साईटच्या इंजिनियर लोकांनी २०१० च्या सुमारास हे केलं होतं, ग्रॅफाइट या ग्राफच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक डिप्लॉयची उभी रेघ, आणि तेव्हापासून ही सवय सगळीकडे पसरली.

ग्राफानाच्या एपीआयमध्ये (स्क्रिप्टला ग्राफानाशी बोलायची सोय) अ‍ॅनोटेशन्सचा पत्ता आहे, तिथे पोस्ट रिक्वेस्ट करायची, सोबत मजकूर, टॅग आणि वेळ. वेळ दिलीच नाही तर आत्ताची धरली जाते, सुरुवातीला तसंच करा, टाइमझोनची भानगडच मिटते. वेळ द्यायचीच असेल तर ती मिलिसेकंदांत, म्हणजे तेरा आकडी. सेकंदांतली दहा आकडी वेळ दिली तर एरर येत नाही, नोंद गुपचूप सेव्ह होते आणि जानेवारी १९७० मध्ये जाऊन बसते, तुम्ही इकडे ग्राफवर शोधत राहता. डॅशबोर्ड आणि पॅनेलचा आयडी नाही दिला तर ती नोंद सगळ्या संस्थेची होते आणि टॅगवरून कुठल्याही डॅशबोर्डवर आणता येते, डिप्लॉयसाठी हेच बरं.

त्यासाठी लागणारं टोकन (स्क्रिप्टचा पासवर्डच म्हणा) सर्व्हिस अकाउंटचं, म्हणजे कुणा माणसाचं नसलेल्या खात्याचं घ्या, स्वतःचं नको, तुम्ही कंपनी सोडली की नोंदी बंद पडतील. ते टोकन स्क्रिप्टमध्ये लिहू नका, पाइपलाइनच्या सीक्रेटमध्ये ठेवा. आणि एक महत्त्वाचं, नोंद टाकणारी पायरी फेल झाली तरी डिप्लॉय थांबता कामा नये, दोन-तीन सेकंदांचा टाइमआऊट द्या आणि फेल झालं तर पुढे जाऊ दे. ग्राफाना बंद आहे म्हणून तातडीचा फिक्स अडकून बसला असं व्हायला नको.

डिप्लॉय हळूहळू जात असेल, आधी ५ टक्के मशीनवर, मग सगळीकडे, तर सुरुवातीला नोंद टाका, उत्तरात तिचा आयडी मिळतो तो धरून ठेवा, आणि संपल्यावर त्याच नोंदीत शेवटची वेळ भरा, म्हणजे पट्टा तयार होतो. एरर पट्ट्याच्या सुरुवातीला वाढल्या की मध्ये, यावरून बरंच कळतं.

प्रोमिथियस (सर्व्हिसेसचे आकडे, म्हणजे मेट्रिक, गोळा करणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर आणखी एक सोपी गोष्ट, प्रोसेस कधी सुरू झाली ती वेळ बहुतेक सर्व्हिसेस मेट्रिक म्हणून देतात, ती बदलली की रेघ काढ अशी क्वेरी लावून ठेवता येते. कुणीही न सांगता झालेले रिस्टार्ट दिसायला लागतात.

इन्सिडेंट चालू असताना

जो दुरुस्ती करतोय त्यानं लिहायचं नाही, दुसऱ्या एकानं लिहायचं. दोघंच असाल तर चॅटमध्ये एक-एक ओळ टाकत जा, चॅटला वेळ आपोआप पडते, नंतर तिथून ग्राफवर उतरवा. पण त्याच दिवशी उतरवा, झोपायच्या आधी जमलं तर उत्तम.

कुठल्या खुणा टाकायच्या हे फास्टलीच्याच त्या दिवसावर करून बघू, त्यांनी सगळ्या वेळा जाहीर केल्यात, मी आपल्या वेळेत देतोय. दुपारी ३.१७ बिघाड सुरू. ३.१८ त्यांच्या मॉनिटरिंगला कळलं. ३.२८ स्टेटस पेजवर टाकलं. ३.५७ कुठल्या ग्राहकाच्या सेटिंगमुळे होतंय ते सापडलं. ४.०६ सर्व्हिसेस परत यायला लागल्या. संध्याकाळी ६.०५ इन्सिडेंट आटोक्यात. रात्री १०.५५ बगचा कायमचा फिक्स सोडायला सुरुवात. ह्या सात रेघा कागदावर काढून बघा, सराव म्हणून खरंच काढा. आता प्रश्न विचारा: कळायला किती वेळ लागला, १ मिनिट. कारण सापडायला, ४० मिनिटं. सुधारायला सुरुवात, ४९ मिनिटं. म्हणजे यांचं मॉनिटरिंग उत्तम आहे आणि वेळ गेला तो कारण शोधण्यात. कळणं आणि सापडणं याला जर वेगळ्या खुणाच नसत्या तर 'पाऊण तास डाऊन' एवढंच हातात राहिलं असतं आणि पुढच्या तिमाहीत कशावर काम करायचं ते ठरवता आलं नसतं.

सुरुवातीची खूण अलर्टच्या वेळेवर टाकू नका. अलर्ट पाच मिनिटं वाट बघून वाजतो, खरी सुरुवात ग्राफवर मागे जाऊन बघायची, जिथून एरर चढायला लागल्या तिथे. अलर्टची वेगळी खूण. या दोन रेघांमधलं अंतर सारखं मोठं येत असेल तर अलर्टची सेटिंग बदलायला हवी.

रेघ जवळ आहे म्हणून दोषी नाही

डिप्लॉयच्या रेघेनंतर दोन मिनिटांत एरर वाढल्या की सगळे म्हणतात 'हाच', आणि पुष्कळदा तोच असतो, पण रोलबॅक करून ग्राफ खाली येतो का ते बघितल्याशिवाय नोंदीत 'मूळ कारण' लिहू नका. दिवसाला वीस डिप्लॉय होत असतील तर कुठल्याही टेंगळाच्या शेजारी एखादी रेघ असणारच. रोलबॅकचीही नोंद टाका, आणि ग्राफ खाली आला नाही तर तेही लिहा, 'रोलबॅक केला, फरक नाही'. पुढच्या माणसाचा तोच रस्ता परत तपासण्याचा त्रास वाचतो.

कारण नंतर नक्की झालं की जुन्या नोंदीत जाऊन भर घाला. आधीचा अंदाज पुसू नका, खाली लिहा, '१४ तारखेला कळलं: डेटाबेस नव्हता, डीएनएस कॅशे'. चुकलेला अंदाज ठेवल्यानं कळतं की अशा आकाराचा ग्राफ डेटाबेससारखा दिसतो पण असेलच असं नाही, आणि नव्या पोरांना हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मिळत नाही.

ग्राफ रेघांनी भरून गेला तर

ऑटोस्केलिंगनं एक मशीन वाढलं-कमी झालं, दर तासाचा बॅकअप, प्रत्येक छोटा अलर्ट, हे सगळं रेघांमध्ये टाकलं की ग्राफ कुंपणासारखा दिसतो आणि कुणी बघत नाही. असल्या गोष्टींचा वेगळा ग्राफ खाली लावा, मशीनची संख्या किती होती असा. वरच्या ग्राफवर टॅगप्रमाणे वेगळ्या क्वेरी ठेवा, वेगळा रंग द्या, डॅशबोर्डच्या वरच त्या चालू-बंद करता येतात. आमच्याकडे इन्सिडेंट लाल आणि नेहमी चालू, डिप्लॉय निळा, बाकीचे बंद, लागले की चालू करायचे. क्वेरीला १०० नोंदींची मर्यादा आधीपासून लावलेली असते, मोठा कालावधी उघडला आणि जुन्या रेघा दिसत नाहीत तर आधी तो आकडा वाढवून बघा.

ग्राफाना नसेल तर

छोट्या ऑफिसात, एखाद्या पतसंस्थेच्या वेबसाईटला किंवा गावाकडच्या शाळेच्या अ‍ॅपला कोण ग्राफाना लावतंय. एक शीट घ्या, रोजची तारीख, साईट किती मिनिटं बंद होती, आणि शेजारी तिसरा रकाना 'काय झालं'. होस्टिंगवाल्याला फोन केला, लाईट गेली, फॉर्म भरायची शेवटची तारीख होती, जे असेल ते. चार्ट काढलात की मोठ्या ठिपक्यांच्या वर त्या रकान्यातले शब्द टाका. माझ्या ओळखीच्या एका ताई एका संस्थेचं हे एकट्या बघतात, त्यांच्या शीटमध्ये वर्षभरानं दिसलं की दहापैकी सात वेळा साईट महिन्याच्या पहिल्या तारखेला बंद पडली होती आणि शेजारी प्रत्येक वेळी 'पेन्शन यादी अपलोड' लिहिलेलं होतं. यादी रात्री अपलोड करायला लागल्यापासून त्रास गेला.

आठवड्याचं काम

शुक्रवारी ऑन-कॉल दुसऱ्याला देताना पंधरा मिनिटं एकत्र बसा, आठवड्याचा ग्राफ लावा आणि डावीकडून उजवीकडे बोट फिरवत या. जिथे टेंगूळ किंवा खड्डा आहे आणि नोंद नाही तिथे थांबा, आठवत असेल तर लगेच टाका, आठवत नसेल तर 'कारण माहीत नाही' अशीच नोंद टाका, लाजायचं काही नाही त्यात, पुढे तसंच दुसरं आलं की दोन्ही शेजारी ठेवता येतात. मग ज्यांच्यापुढे 'अंदाज' लिहिलंय त्या नोंदी बघा, नक्की झालं असेल तर भर घाला. शेवटी पुढच्या आठवड्याच्या ठरलेल्या गोष्टी, मेंटेनन्स, सेल, निकाल, त्यांची वेळ माहीत असेल तर यादी करून चॅनेलवर पिन करा, म्हणजे सोमवारी सकाळी नव्या माणसाला फोन वाजला की तो आधी तिथे बघेल.